टंचाईच्या तालुक्यातील दूध संघाचे पाणी: मोजणीपासून पुनर्वापरापर्यंत

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी पोहोचवावे लागले, तेव्हा मराठवाड्यातील आणि पश्चिम महाराष्ट्राच्या पूर्व पट्ट्यातील प्रत्येक प्रक्रिया उद्योगापुढे एकच प्रश्न उभा राहिला होता: उद्या बोअर आटली तर कारखाना चालणार कसा? दूध संघांसाठी हा प्रश्न दुहेरी असतो. संघाची बोअर आणि दूध घालणाऱ्या सभासदाच्या गोठ्याची विहीर बहुधा एकाच भूजलावर जगतात. उन्हाळ्यात दुभत्या संकरित गाईला दिवसाला साठ-ऐंशी लिटर किंवा त्याहूनही जास्त पाणी लागते. संघाने उपसा वाढवला आणि गोठ्यातले पाणी कमी झाले, तर दूधही कमी होते. त्यामुळे दूध संघाने पाणी वाचवणे ही स्वतःच्या कच्च्या मालाची राखण आहे, आणि या लेखातील सर्व सूचना याच भूमिकेतून मांडल्या आहेत.

हे मार्गदर्शन दिवसाला सुमारे वीस हजार ते एक लाख लिटर दूध हाताळणाऱ्या, पाश्चरीकरण, पिशवीबंद दूध, दही, ताक, तूप आणि काही ठिकाणी भुकटी अशी उत्पादने करणाऱ्या संघांसाठी आहे. केवळ शीतकरण केंद्र चालवणाऱ्या संस्थांनाही पहिले तीन टप्पे जसेच्या तसे लागू पडतात. नवे तंत्रज्ञान घेण्याचा क्रम मात्र महत्त्वाचा आहे. अनेक ठिकाणी सर्वांत महाग यंत्र, म्हणजे सांडपाणी सूक्ष्म पडद्यातून गाळून शुद्ध करणारा मेम्ब्रेन प्रकल्प, सर्वांत आधी घेतला जातो आणि मग तो वाया जाणारे पाणी शुद्ध करण्यात वीज खर्च करत बसतो. जे पाणी वाया जायलाच नको होते, ते शुद्ध करण्यात शहाणपण नाही.

पहिला टप्पा: एक आकडा ठरवा

संघात पाण्याचा वापर मोजण्याचे सर्वांत उपयोगी माप म्हणजे एक लिटर दूध हाताळण्यासाठी किती लिटर पाणी लागले हे गुणोत्तर. महिन्याच्या एकूण पाण्याला महिन्याच्या एकूण दुधाने भागायचे, एवढेच गणित आहे. पर्यावरण (संरक्षण) नियमांत दुग्धशाळांसाठी सांडपाण्याची मर्यादा एक किलोलिटर दुधामागे ३ घनमीटर अशी दिली आहे, पण ही वरची हद्द आहे आणि तिच्या आत राहिलो म्हणजे काटकसर झाली असे नव्हे. उदाहरणादाखल, दिवसाला ५०,००० लिटर दूध घेणाऱ्या संघाचे गुणोत्तर अडीच असेल तर त्याला रोज १,२५,००० लिटर पाणी लागते, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेबारा टँकर. हेच गुणोत्तर दीडवर आणले तर गरज ७५,००० लिटरवर येते आणि रोजचे पाच टँकर वाचतात.

हे गुणोत्तर पुष्ट काळात (दूध जास्त येते तेव्हा) आणि कृश काळात (दूध कमी येते तेव्हा) वेगवेगळे ठेवून पाहणे आवश्यक आहे. धुण्याचे पाणी दुधाच्या प्रमाणात घटत नाही. सायलो (दूध साठवण्याची उंच टाकी) अर्धा भरला तरी तो पूर्ण धुवावा लागतो. म्हणून उन्हाळ्यात दूध कमी आले की गुणोत्तर आपोआप वाढते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत पाणी सर्वांत कमी असते. वर्षाची सरासरी काढणाऱ्या संघाला ही अडचण दिसतच नाही.

याच वेळी पाण्याची खरी किंमत काढावी. बोअरचे पाणी फुकट आहे, हा समज संचालक मंडळाच्या बैठकीत फार ऐकू येतो. एका घनमीटरच्या किमतीत उपशाची वीज, मृदूकरणाचे (पाण्याचा जडपणा काढण्याचे) मीठ किंवा आरओचा (पडद्यातून क्षार गाळण्याचा) खर्च, ते पाणी गरम वा थंड करण्याचे इंधन, धुण्यात मिसळलेली रसायने आणि शेवटी ईटीपीमध्ये (सांडपाणी प्रक्रिया केंद्रात) ते शुद्ध करण्याचा खर्च, असे सगळे मोजायचे असते. टँकर लागत असतील तर त्यांचा दर वेगळा. हा हिशेब लेखापाल आणि प्लांट इंजिनिअर यांनी एकत्र बसून केला, तर पुढच्या प्रत्येक खरेदीचा परतावा किती काळात मिळेल हे सांगता येते. तो केला नाही तर प्रत्येक प्रस्ताव महाग वाटतो.

दुसरा टप्पा: मीटर कुठे आणि कोणते

मुख्य पुरवठ्याच्या नळावर एक मीटर बसवून काम भागत नाही. निदान सहा ठिकाणी वेगळी नोंद हवी: बोअर किंवा टँकरमधून येणारे एकूण पाणी, बॉयलरचे भरपाई पाणी (कमी झालेल्या पाण्याच्या जागी नव्याने घातलेले), कूलिंग टॉवर किंवा बाष्पीभवन कन्डेन्सरचे भरपाई पाणी, सीआयपी विभाग (यंत्रे न उघडता नळ आणि टाक्या आतून धुण्याची व्यवस्था), क्रेट व कॅन धुण्याची जागा, आणि ईटीपीतून बाहेर पडणारे पाणी. मुख्य वाहिनीवर आणि सीआयपीवर विद्युतचुंबकीय मीटर घ्यावेत, कारण त्यांत फिरणारा भाग नसतो आणि क्षारयुक्त पाण्यातही ते टिकतात. बाकीच्या शाखांवर पल्स (विद्युत संकेत) देणारे साधे यांत्रिक मीटर पुरेसे आहेत. मीटरच्या आधी नळाच्या व्यासाच्या साधारण पाचपट आणि नंतर दोन-तीनपट सरळ नळ ठेवावा लागतो. वाकणाला लागून बसवलेला मीटर चुकीचे आकडे देतो, आणि मग सगळा दोष यंत्राला लावला जातो. खरेदीपूर्वी अंदाज घ्यायचा असेल तर नळावर बाहेरून लावता येणारा अल्ट्रासोनिक मीटर काही दिवस भाड्याने घेऊन जललेखापरीक्षण करता येते. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसाला १०० घनमीटरपेक्षा जास्त भूजल उपसणाऱ्या उद्योगांवर जललेखापरीक्षणाचे बंधन आहे. त्यामुळे मोठ्या संघांनी हे काम तसेही करायचेच आहे.

मीटरचे आकडे सिमकार्ड असलेल्या डेटा लॉगरमधून मोबाइलवर आणणे आता अवघड राहिलेले नाही. टाक्यांत पातळी मोजणारे सेन्सर आणि या मीटरची नोंद एकत्र आली की पहिल्याच आठवड्यात बरेच काही उघड होते. सर्वांत उपयोगी आकडा म्हणजे किमान प्रवाह. शेवटची धुलाई संपल्यापासून सकाळचे दूध येईपर्यंत प्लांट शांत असतो. त्या वेळी मुख्य मीटर मिनिटाला आठ लिटर दाखवत असेल तर दिवसाला ११,५२० लिटर, म्हणजे एका टँकरहून अधिक पाणी, कुठेतरी निघून जात आहे. हे पाणी बहुधा जमिनीखालच्या जुन्या नळातून, शौचालयाच्या टाकीतून किंवा कूलिंग टॉवरच्या बिघडलेल्या तरंग-व्हॉल्व्हमधून जाते. तरंग-व्हॉल्व्ह अडकला की टॉवर रात्रभर जादा पाणी सोडणाऱ्या नळातून वाहत राहतो आणि ते गटारात जात असल्याने कुणाच्या लक्षात येत नाही. शाखा एकेक करून बंद करत गेल्यास गळतीची जागा एका रात्रीत सापडते.

तिसरा टप्पा: फुकटात होणारी कामे

इथे तंत्रज्ञान थोडे आणि शिस्त जास्त लागते, म्हणून हा भाग थोडक्यात सांगतो. प्रत्येक धुण्याच्या पाइपाला हात काढताच बंद होणारी बंदूक-नोझल बसवावी. मिनिटाला २५ लिटर सोडणारा पाइप दिवसभरात मिळून दोन तास उगाच उघडा राहिला तर ३,००० लिटर जातात. फरशीवर पाणी मारण्याआधी सांडलेले दही किंवा चक्का रबरी वायपरने गोळा करावा. होमोजिनायझरचे (दुधातील स्निग्धांश एकजीव करणाऱ्या यंत्राचे) सील आणि तेल थंड करण्यासाठी सोडलेले पाणी अनेक प्लांटमध्ये एकदाच वापरून थेट गटारात जाते. ते शीतजलाच्या बंद चक्रात जोडले की तो प्रवाह पूर्ण थांबतो. दूध मध्येच खंडित झाले की पाश्चरायझरमध्ये पाणी फिरवले जाते. ते बाहेर सोडण्याऐवजी बॅलन्स टाकीत परत फिरण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते, फक्त ती वापरली जात नाही.

चौथा टप्पा: सीआयपी, जिथे खरी बचत आहे

दूध प्रक्रियेत सर्वाधिक पाणी धुण्याला लागते, त्यामुळे या टप्प्यावर सर्वाधिक वेळ आणि पैसा खर्च करणे योग्य ठरते. धुलाईचे चक्र सर्वांना माहीत आहे: आधी साध्या पाण्याने खळखळणे, मग गरम कॉस्टिक (कॉस्टिक सोड्याचे द्रावण), पुन्हा पाणी, मग नायट्रिक आम्ल, आणि शेवटी स्वच्छ पाण्याचे खळखळणे. जुन्या प्लांटमध्ये या प्रत्येक पायरीची वेळ घड्याळावर ठरलेली असते आणि ती वेळ कुणीतरी कधीतरी, सुरक्षित बाजूने, भरपूर वाढवून ठेवलेली असते. पायरी खरोखर कधी पूर्ण झाली हे घड्याळाला कळत नाही. ते परतीच्या नळातील वाहकता (पाण्यातून वीज किती सहज वाहते ते) मोजणाऱ्या सेन्सरला कळते. कॉस्टिक आणि आम्लाची वाहकता पाण्याच्या कित्येक पट असते, त्यामुळे परतीच्या पाण्याची वाहकता पुरवठ्याच्या पाण्याइतकी उतरली की खळखळणे संपले असे समजून व्हॉल्व्ह बंद करता येतो. हेच सेन्सर कॉस्टिक कधी टाकीत परत घ्यायचे हेही ठरवतात, म्हणून पाण्याबरोबर रसायनही वाचते.

याच्या जोडीला एक परतावा टाकी घ्यावी. शेवटच्या खळखळण्याचे पाणी जवळजवळ स्वच्छ असते; ते साठवून पुढच्या धुलाईच्या पहिल्या पायरीला वापरायचे. ही सोय नसलेल्या संघाने इतर कुठलेही यंत्र घेण्याआधी ही करावी, असे माझे ठाम मत आहे. तिसरी सुधारणा टाक्यांच्या आतली आहे: सायलो आणि टँकरमधील स्थिर स्प्रे बॉलच्या जागी फिरणारे जेट बसवले की कमी पाण्यात जास्त जोराचा मारा मिळतो. नळांच्या धुलाईत मात्र प्रवाहाचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या आसपास राहायला हवा. पाणी वाचवण्यासाठी पंपाचा वेग कमी केला तर नळ धुतलाच जात नाही, आणि मग कोलिफॉर्म (अस्वच्छता दाखवणारे जिवाणू) वाढून अख्खी बॅच परत येते.

पहिल्या खळखळण्यात नळात उरलेले दूध वाहून जाते, याकडे पाणी म्हणून नव्हे तर दूध म्हणून पाहावे. दुधाची जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी (त्यातील सेंद्रिय पदार्थ कुजताना लागणारा ऑक्सिजन) लिटरला सुमारे एक लाख मिलिग्रॅम असते, तर प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यासाठी मर्यादा १०० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे गटारात गेलेल्या एका लिटर दुधाचे प्रदूषण हजार लिटर पाण्यात पसरल्यावरच मर्यादेपर्यंत उतरते. नळात उरलेले दूध हवेने किंवा पिगने (नळातून सरकणाऱ्या रबरी बोळ्याने) ढकलून बाहेर काढणे आणि दूध संपून पाणी सुरू झाल्याची जागा गढूळपणा सेन्सरने ओळखणे, या दोन गोष्टींनी विक्रीयोग्य दूध वाचते आणि ईटीपीवरचा भारही हलका होतो.

प्रत्येक बदलानंतर स्वच्छतेची चाचणी केल्याशिवाय पुढे जाऊ नये. वेळ कमी केली की त्याच दिवशी एटीपी स्वॅब (पृष्ठभागावर उरलेली सेंद्रिय घाण दाखवणारी चाचणी) आणि प्रयोगशाळेत कोलिफॉर्म तपासणी करावी, सलग काही दिवस निकाल नीट आले तरच नवी वेळ कायम करावी. गुणवत्ता विभागाच्या सहीशिवाय सीआयपीचा कार्यक्रम बदलता येऊ नये, असा नियम लेखी असावा. पाण्यासाठी दुधाची सुरक्षितता पणाला लावायची नसते, आणि हे उत्पादन विभागाला पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगितलेले बरे.

पाचवा टप्पा: वाफ, थंडावा आणि इंधन

बॉयलरमधून निघालेली वाफ काम करून पाणी झाली की ते पाणी परत आणणे हे दुहेरी फायद्याचे असते. तासाला एक टन वाफ तयार करणाऱ्या बॉयलरचे कन्डेन्सेट (वाफेचे झालेले पाणी) परत येत नसेल तर तासाला जवळजवळ हजार लिटर मृदू पाणी नव्याने लागते. ते गरमच परत आले तर इंधनही वाचते; बॉयलरच्या भरण पाण्याचे तापमान सहा अंशांनी वाढले की साधारण एक टक्का इंधन कमी लागते, हा ऊर्जा लेखापरीक्षणातील रूढ आडाखा आहे. सीआयपी टाक्यांत वाफ थेट सोडण्याऐवजी उष्णता विनिमयकातून दिली की हे कन्डेन्सेट हाती लागते.

इंधनाच्या टंचाईचा विचार करणाऱ्यांनी लातूरचेच एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. तेथील महानंद दुग्धशाळेत सूर्यकिरण एकवटणारी ‘अरुण’ नावाची मोठी तबकडी बसवून पाश्चरीकरणासाठी उष्णता मिळवण्याचा प्रयोग झाला होता. आज छतावर साधे सौर जलतापक बसवून बॉयलरचे भरण पाणी पूर्वतप्त करणे लहान संघालाही परवडते, आणि टंचाईच्या जिल्ह्यांत ऊन तर मुबलकच आहे.

कूलिंग टॉवरमध्ये बाष्पीभवनाने जाणारे पाणी अटळ असते. वाचवता येते ते क्षार काढण्यासाठी सोडलेले पाणी. टॉवरमधील पाण्यात क्षार भरपाई पाण्याच्या किती पट होऊ द्यायचे, यावर ते अवलंबून असते. दोन पट ठेवले तर भरपाई बाष्पीभवनाच्या दुप्पट लागते. चार पट ठेवले तर ती १.३३ पट होते, म्हणजे एक तृतीयांश बचत. हाताने व्हॉल्व्ह उघडून अंदाजाने पाणी सोडण्याऐवजी टीडीएस (विरघळलेले क्षार) नियंत्रक बसवावा. बोअरचे पाणी फार जड असेल तर चार पट गाठता येणार नाही, नळ्यांवर थर बसेल. अशा ठिकाणी मृदू पाणी किंवा पावसाचे पाणी टॉवरला द्यावे.

सहावा टप्पा: दुधातले पाणी आणि छतावरचे पाणी

भुकटी करणाऱ्या संघाकडे एक झरा असतो आणि तो बहुधा दुर्लक्षित राहतो. दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. एक लाख लिटर दूध बाष्पित्रात ४८ टक्के घनपदार्थांपर्यंत आटवले तर सत्तर हजार लिटरहून अधिक पाणी वाफ होऊन बाहेर येते आणि कन्डेन्सेट म्हणून मिळते. ते जवळजवळ क्षारमुक्त असते, म्हणून बॉयलर आणि कूलिंग टॉवरसाठी ते बोअरच्या पाण्यापेक्षा चांगले. मात्र त्यात दुधाचे अंश येऊ शकतात, म्हणून वाहकता व गढूळपणा पाहून आपोआप दिशा बदलणारा व्हॉल्व्ह हवा; आणि ते कोमट पाणी साठवून ठेवले की त्यात जंतू वाढतात, म्हणून निर्जंतुकीकरण करून शक्यतो त्याच दिवशी वापरावे. आरओ आणि अतिनील प्रक्रियेनंतर ते सीआयपीच्या सुरुवातीच्या पायऱ्यांना देता येते. अन्नाच्या संपर्कातील शेवटच्या खळखळण्यासाठी मात्र पाणी पिण्यायोग्यच असले पाहिजे आणि ते तसे आहे, हे तपासणीने सिद्ध झालेले असले पाहिजे.

पावसाच्या पाण्याबाबत अपेक्षा वास्तव ठेवाव्यात. २,००० चौरस मीटर छतावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ८० टक्के हाती आला, तर ८ लाख लिटर मिळतात. रोज ७५,००० लिटर वापरणाऱ्या संघाला हे दहा-अकरा दिवस पुरेल. पण हेच पाणी फक्त बॉयलरच्या भरपाईला राखले आणि ती भरपाई दिवसाला ३,००० लिटर असेल, तर ते आठ महिन्यांहून अधिक काळाची गरज भागवते आणि मृदूकरणाचे मीठही वाचवते. एवढी साठवण बांधणे शक्य नसेल, तर जेवढे साठेल तेवढे टाकीत आणि उरलेले गाळून पुनर्भरणाला, असा क्रम ठेवावा.

ईटीपीच्या पाण्यावर अतिसूक्ष्म गाळणी आणि आरओ बसवणे हे यानंतरचे काम आहे. नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जाते. एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे होऊ शकते तर दूध संघालाही ते अशक्य नाही. मात्र लहान प्रमाणावर वीज, मेम्ब्रेन बदलण्याचा खर्च आणि प्रशिक्षित माणूस या तीन गोष्टींची तयारी असेल तरच हात घालावा. तोवर प्रक्रिया झालेले पाणी वैरणीच्या पिकाला ठिबकने देणे, हा अधिक सोपा आणि सभासदांच्या उपयोगाचा मार्ग आहे. त्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातील अटी आधी वाचाव्यात. आरओतून नाकारलेले क्षारयुक्त पाणी मात्र शेतीला देऊ नये. ते शौचालये आणि बाहेरच्या फरश्यांसाठी ठेवावे.

सातवा टप्पा: माणसे आणि टंचाईचे वेळापत्रक

सेन्सरने दाखवलेला आकडा शिफ्टच्या सुपरवायझरला दिसला नाही तर त्याचा उपयोग शून्य. सीआयपी विभागाबाहेर फलकावर कालचे गुणोत्तर आणि आजचे गुणोत्तर रोज लिहावे, आणि एखाद्या शिफ्टचा आकडा चढला तर दोष देण्याआधी कारण विचारावे. बहुतेक वेळा उत्तर एखाद्या बिघडलेल्या व्हॉल्व्हपाशी पोहोचते. ज्या ऑपरेटरने गळती शोधली त्याचे नाव संचालक मंडळाच्या इतिवृत्तात यावे, ही बिनखर्चाची पण टिकणारी प्रेरणा आहे.

संघाच्या बोअरमध्ये जलपातळी मोजणारा सेन्सर बसवून पावसाळा संपताच, ऑक्टोबरच्या बैठकीत, पुढच्या आठ महिन्यांचा आराखडा मंजूर करून घ्यावा. त्या ठरावात पातळीचे तीन टप्पे लिहिलेले असावेत. पहिल्या टप्प्याला बाहेरची धुलाई आणि बाग बंद करायची. दुसऱ्याला उत्पादनांचा क्रम बदलायचा, म्हणजे सारख्या उत्पादनांच्या बॅच सलग घेऊन मधल्या धुलाया कमी करायच्या, आणि जास्त पाणी लागणारी उत्पादने दुसऱ्या संघाकडे करून घेण्याचा करार आधीच करून ठेवायचा. तिसऱ्याला फक्त संकलन, शीतकरण आणि पाश्चरीकरण चालू ठेवून दूध शेजारच्या संघाकडे पाठवायचे, म्हणजे सभासदाचे दूध एक दिवसही नाकारले जाणार नाही. याच ठरावात आणखी एक कलम असावे: वाचलेल्या पाण्यावर नवे उत्पादन सुरू करण्याआधी उपशाची वार्षिक मर्यादा ठरवली जाईल, आणि पातळी दुसऱ्या टप्प्याखाली असताना संघाचा उपसा त्या मर्यादेच्या किती टक्के राहील हे संकलन केंद्रांच्या फलकावर गावागावांत दर महिन्याला लावले जाईल.